उसने आजोबा

३ फेब्रुवारी

आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कलावंतांच्या दैनंदिन्या त्यांच्यामागे छापल्या जातात. माझ्यामागे छापावं असं आजवर काही घडलं नव्हतं, ते आज घडलं. गॅलरीचं पत्र आलं! माझ्या तीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन, मोठ्या हॉलमध्ये, बारा एप्रिलला. पत्रात मला ‘दोन संस्कृतींच्या संगमावर उभा असलेला मुद्राचित्रकार’ म्हटलं आहे. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “उभाच आहेस तर कचऱ्याची पिशवी खाली ठेवून ये.”

मग वर सासरेबुवांना सांगायला गेलो. त्यांना कमी ऐकू येतं. माझ्या हातात पत्र बघून ते म्हणाले, “कोण गेलं?”

(पुढे कोणी हे छापणार असेल तर कचऱ्याचं वाक्य गाळावं.)

४ फेब्रुवारी

भावी वाचकांसाठी थोडी माहिती. तेहेतीस वर्षांपूर्वी मी एका सुटकेसनिशी या देशात आलो, दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती संपली, मी उरलो. सासरेबुवांचा तेव्हा छापखाना होता. औषधाच्या बाटल्यांची लेबलं, लग्नपत्रिका, हँडबिलं असला माल. तिथे मी शाई पुसायच्या कामाला लागलो आणि वर्षभरात त्यांच्या मुलीशी लग्न केलं. त्यांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, “म्हणजे आता सुट्टी मागणार का?”

छापखाना केव्हाच बंद झाला. पण तळमजल्यावर ती लोखंडी प्रेस अजून आहे आणि तिच्यावर मी माझी चित्रं छापतो. तांब्याच्या प्लेटवर सुईने रेघा ओढायच्या, ॲसिडमध्ये त्या खोल करायच्या, शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून उतरवायची. सगळं उलटं उमटतं. पहिल्या चित्राखाली मी माझं नाव सुलट कोरलं होतं, ते कोणालाही वाचता येईना. सासरेबुवा आठवडाभर हसत होते.

एक लेक आहे, परगावी शिकते. फोनवर ती बातमी ऐकून म्हणाली, “बाबा, भाषण छोटं करा.” अजून भाषणाचा विषयही निघाला नव्हता.

७ फेब्रुवारी

प्रदर्शनासाठी एक नवी मोठी प्लेट करतोय. सासरेबुवा रोज सकाळी काठी टेकत खाली येतात आणि सल्ले देतात. वय चौऱ्याऐंशी. प्रेसच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू त्यांनीच फिरवायचे, मी हात लावायचा नाही. ऐकू येत नाही म्हणतात, पण रोलर फिरताना कुठे कुरकुरला ते त्यांना बरोबर कळतं. कागद प्रेसखाली असताना कोणी बोलायचं नाही. आज मला शिंक आली तर असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो.

मग कागद उचलणार तेच. झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर काढावी तसा एका कोपऱ्याकडून, हळूहळू. माझं चित्र, आणि पहिल्यांदा ते बघणार! वर म्हणतात, “बरं आहे. डाव्या कोपऱ्यात घाई केलीस.”

घाई केली होती, पण ते सांगायची काय गरज?

१० फेब्रुवारी

गॅलरीवाल्या बाई आल्या. उंच, मृदू बोलणाऱ्या, जाडजूड वही घेऊन. एका चित्रातल्या आडव्या-उभ्या रेघांवर बोट ठेवून म्हणाल्या, “यात तुमच्या मातृभूमीची विणकामाची परंपरा दिसते.” ती आमच्या न्हाणीघराच्या खिडकीची जाळी आहे. मी गंभीरपणे मान हलवली.

मग माझ्या बालपणाबद्दल विचारलं. वडील पाणीपुरवठा खात्यात कारकून. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. घरात चित्र म्हणजे कॅलेंडर, तेही औषधाच्या दुकानाने फुकट दिलेलं. बाई ऐकत होत्या, पण त्यांचं पेन थांबलं होतं. “आणि परंपरा? घराण्यात कोणी?” मी म्हणालो, नाही. त्यांनी वही मिटली.

वही मिटल्याचा तो आवाज मला सोसवला नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “आजोबा ठसे कोरायचे.”

वही उघडली.

मग मला थांबताच येईना. आजोबांच्या अंगठ्याचं नख कायम काळं असायचं, हात धुतले तरी. काम चालू असताना ते कोणाला बोलू द्यायचे नाहीत. शाई बोटांत चोळून, वास घेऊन सांगायचे आज छापायचं की नाही. कागद असा उचलायचे की झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी इतकं बरं बोलतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

खरे आजोबा बसडेपोत तिकिटांचे गठ्ठे मोजायचे. मी दोन वर्षांचा असताना गेले.

सासरेबुवा नेमके तेव्हा मध्ये डोकावले, बाईंशी हात मिळवला आणि त्यांच्या पांढऱ्या बाहीला शाई लावली. लाज वाटली.

१७ फेब्रुवारी

बाईंचा फोन. प्रदर्शनाचं नाव ठरलं: ‘आजोबांचा ठसा’. आजोबांनी कोरलेला एखादा ठसा मिळेल का? मी म्हणालो, ठसे पुरात गेले. कोणत्या सालच्या पुरात? मी म्हणालो, मोठ्या पुरात. फोटो? तोही त्याच पुरात.

फोन ठेवला तर मागे बायको उभी. “तुझे आजोबा तिकिटं मोजायचे ना?”

मी म्हणालो, फावल्या वेळात माणूस काहीही करू शकतो. ती नुसती बघत राहिली. मोरीत पुन्हा शाईची फडकी टाकली होती, त्याचा राग असणार. नंतर ती उचलली.

२ मार्च

पेपरात माझ्यावर अर्धं पान! फोटोत पोट दिसत नाही. सकाळी स्वयंपाकघरात बायकोने ते सासरेबुवांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते अंडं सोलत होते. माझ्याबद्दलच्या मजकुरापर्यंत सोलत राहिले. आजोबांचा भाग आला तसे थांबले.

“ते पुन्हा वाच. नखाचं.”

तिने पुन्हा वाचलं. पुढचं चादरीचंही वाचलं. ते उठले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागले. पाच मिनिटं झाली तरी धुताहेत. साबण, मग ब्रश, मग पुन्हा साबण. अंडं तसंच राहिलं. म्हातारपणी माणसाला स्वच्छतेचं असं वेड लागतं म्हणतात.

बायको मला म्हणाली, “झालं समाधान?” मी म्हणालो, “फोटो जरा मोठा हवा होता.”

६ मार्च

अखेर शांतता! सासरेबुवा चार दिवस तळमजल्यावर फिरकलेले नाहीत. पाय दुखतो म्हणतात. स्क्रू मी स्वतः फिरवले, काम करताना मनसोक्त बोललो, दोनदा शिंकलो. कलावंताला एकांत हवाच.

पूर्ण झालेल्या नव्या प्लेटचा पहिला कागद काढला. उजवी बाजू फिकी. कागदाचा दोष.

७ मार्च

डावी बाजू फिकी. शाई बनवणाऱ्यांनी काहीतरी बदललंय.

९ मार्च

दोन्ही बाजू फिक्या आणि मध्ये काळा डाग. हवेत दमटपणा फार. बायकोला म्हणालो की या हवेत कोणाचंही काम बिघडेल. ती म्हणाली, “बाबांना बोलाव.” मी म्हणालो, त्यांचा पाय दुखतोय. ती म्हणाली, “पाय नाही दुखत त्यांचा.” मग काय दुखतंय ते सांगेना. या घरात कोणी सरळ बोलत नाही.

१९ मार्च

अकरा कागद वाया. प्रदर्शनाच्या मुख्य भिंतीवर हीच प्लेट लागायची आहे. बाईंना फोनवर सांगितलं, “काम परिपक्व होतंय.”

२६ मार्च

संकट. दारावरची घंटा वाजली, दार उघडलं तर बाहेर ताई! माझी थोरली बहीण, शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, दोन सुटकेसी आणि मानेची उशी घेऊन. गॅलरीने लेकीकडून तिचा पत्ता मिळवून तिला बोलावलं होतं, मला आश्चर्याचा धक्का द्यायला. तो बसला.

ताई आत आली, बायकोला मिठी मारली, सासरेबुवांना वाकून नमस्कार केला आणि आमच्या भाषेत मला म्हणाली, “काय रे, आपले आजोबा कधीपासून ठसे कोरायला लागले?”

“ताई, हळू बोल.”

“का? कोणाला कळतंय इथे? तिकिटावर ठसा मारायचे ते, धप्प करून. त्यालाच म्हणतोयस का कोरणं?”

मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, हात जोडले. ती म्हणाली, “चौतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. आता या वयात तुझ्यासाठी बोलू? मी खरं तेच सांगणार. मला इथली भाषा येत नाही, ते तुझं नशीब.”

२८ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

गॅलरीवाल्या बाई ताईची मुलाखत घ्यायला आल्या. दुभाषा मी. बाईंनी विचारलं, आजोबांची तुमची पहिली आठवण कोणती? ताई म्हणाली, “ते रविवारी दुपारी घोरायचे, आणि आम्हा मुलांना गॅलरीत हाकलायचे.” मी बाईंना सांगितलं, “त्या म्हणतात, त्यांच्या श्वासातसुद्धा एक लय होती.”

“आणि त्यांचे हात?”

ताई म्हणाली, “हात कसले? आजीने मारायला दिलेला खिळासुद्धा त्यांना सरळ मारता यायचा नाही. भिंतीला भोकं पडली होती नुसती.” मी म्हणालो, “घरातल्या भिंतींवर त्यांच्या कामाच्या खुणा होत्या.”

बाई भराभरा लिहीत होत्या. ताई माझ्याकडे संशयाने बघत होती, कारण तिचं वाक्य संपायच्या आतच बाईंना गहिवरून यायचं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. ती तीस वर्षांत आमची भाषा शिकली आहे, फक्त नर-मादी सगळं उलटसुलट करते. मी खुणेने तिला आत जायला सांगितलं. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि ताईला आमच्या भाषेत विचारलं, “ताई, तुमचा आजोबाची नख कुठला रंगाचा होती?”

ताई हसली नाही. कप खाली ठेवला. म्हणाली, “मला काय आठवणार, बाई. पण तुमच्या लेकीने मला तो पेपर फोनवर वाचून दाखवला ना, तेव्हाच वाटलं, हे आपले आजोबा नव्हेत. परवा इथे आले, जेवायला बसले, तुमच्या बाबांचे हात पाहिले आणि कळलं. काळा अंगठा. पोळीसुद्धा ते कोपऱ्याकडून उचलतात. हा गाढव त्यांच्याबद्दलच बोललाय आणि याला पत्ता नाही.”

बायको म्हणाली, “बाबाला पत्ता आहे.”

बाई माझ्याकडे बघत होत्या. “काय म्हणाल्या त्या?”

माझ्या डोक्यात एकदम सगळं ओळीने आलं. शाईचा वास, न बोलणं, चादर. आणि बेसिनपाशी पाच मिनिटं हात घासणारी ती पाठ.

“काय म्हणाल्या?”

मी म्हणालो, “त्या म्हणतात, चहा गार होतोय.”

२८ मार्च, पुढे

बाई गेल्यावर वर गेलो. सासरेबुवा खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत बसले होते. अंगठा ब्रशने घासून घासून लाल केलेला, तरी नखाच्या मुळाशी काळी रेघ होतीच.

म्हणालो, “बाबा, ते पेपरातले आजोबा म्हणजे तुम्ही आहात.”

“काय?”

“ते आजोबा तुम्ही आहात!”

“मोठ्याने बोल.”

तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या घरातल्या शिंपिणीने खिडकी उघडली. खाली बायको आणि ताई हसत होत्या ते ऐकू आलं. सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला.

“पहिल्या वेळीच ऐकलं होतं मी,” ते म्हणाले. “मला वाटलं, आता म्हणतोच आहेस तर सगळ्यांनी ऐकू दे.”

मी खाली मान घालून उभा.

“खोटं बोललास त्याचं मला काही नाही. लग्नपत्रिकांवर मी काय काय छापलंय. पण एकतीस वर्षं शिकवलं मी, आणि मान दिलास बसडेपोला!” मग खाकरून म्हणाले, “माझी लाज वाटते तुला?”

नाही म्हणणार होतो. पण बाईंची पांढरी बाही आठवली. म्हणालो, “वाटली होती.”

त्यांनी कोड्यात एक अक्षर भरलं, खोडलं, पुन्हा भरलं. मग विचारलं, “उजवा स्क्रू किती फिरवलास?”

“दीड वेढा.”

“दीड!” ते काठीशिवायच उठले. “मूर्खा, ही प्रेस आहे, लोणच्याची बरणी नाही.”

संध्याकाळपर्यंत तीन कागद काढले. तिन्ही उत्तम. कोणी शिंकलं नाही.

३० मार्च

गॅलरीवाल्या बाईंना खरं सांगितलं. सांगायला मी एकटाच गेलो, बायको सोबत येते म्हणत होती तरी. बाईंनी वही मिटली नाही, ती सरळ टेबलावर आपटली. म्हणाल्या, “मी रडले होते!” मी म्हणालो, “मीही.” त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणाल्या, पत्रिका छापून झाल्या, हॉलबाहेरचा फलक रंगून झाला, आणि शाईने हात काळे झालेला माणूस खोटं बोलतोय हे मला अजून ओळखता येत नाही. प्रदर्शन होईल की नाही ते उद्या सांगते.

घरी आलो. कोणी जेवणाचं नाव काढलं नाही. ताईसुद्धा म्हणाली नाही की मी सांगितलं होतं, यावरून प्रसंग ओळखावा.

३१ मार्च

बाई स्वतःच घरी आल्या. माझ्याकडे न बघता थेट तळमजल्यावर गेल्या आणि सासरेबुवांना म्हणाल्या, “दाखवा.” त्यांनी तीन तास दाखवलं. प्रेस, जुनी लेबलं, माझे सगळे बिघडलेले कागद, तो उलट्या नावाचासुद्धा. मला वाटत होतं तो मी जाळला. प्रत्येक कागदामागे पेन्सिलने तारीख आणि काय चुकलं ते लिहून ठेवलंय. एकतीस वर्षांचं! काही काही ठिकाणी ‘चांगलं’ असंही लिहिलेलं दिसलं. तोंडाने कधी म्हणाले नाहीत.

शेवटी बाई म्हणाल्या, “पण नावाचं काय करायचं? ‘आजोबांचा ठसा’ सगळीकडे छापलंय.”

सासरेबुवांना हे अगदी स्वच्छ ऐकू आलं. “मग बदलता कशाला? मी आजोबा आहेच. याच्या पोरीचा.”

१२ एप्रिल

प्रदर्शन झालं. पेपरात काल दुरुस्ती आली, चार ओळी, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. माझं भाषण बाईंनी काढून टाकलं. त्याऐवजी मी फक्त एवढंच सांगायचं होतं की मला छपाई माझ्या सासऱ्यांनी शिकवली. पाठ केलं होतं तरी मधेच त्यांच्याकडे नजर गेली आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. लेक नंतर म्हणाली, “बाबा, आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं भाषण.”

माझ्या बिघडलेल्या कागदांना बाईंनी एक अख्खी भिंत दिली. लोक मुख्य भिंतीपेक्षा तिथेच जास्त रेंगाळत होते. सासरेबुवा कोट घालून दारातच उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की कोणतं चित्र बघायची गरज नाही. ताईला त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण ती शेजारी उभी राहून प्रत्येक वेळी मान डोलवत होती.

२९ एप्रिल

ताई गेली. घर रिकामं वाटतं. तिच्या खोलीत मानेची उशी राहिली, पाठवायला हवी.

६ मे

सासरेबुवा सकाळी खाली आले आणि माझ्या उरलेल्या तांब्याचा एक तुकडा मागितला. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचंच छापत आले. आता म्हणे एक चित्र स्वतःचं काढून बघतो. सुई कशी धरायची ते विचारलं. मला! मी अगदी सविस्तर सांगितलं, जरा जास्तच. ते निमूट ऐकत होते.

दिवसभर हाताचा आडोसा करून खरवडत बसले, परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून मुलं बसतात तसे.

७ मे

आज छापलं. कागद त्यांनी मला उचलायला सांगितला. तळहाताएवढं चित्र. रेघा जाड, हात थरथरल्याच्या खुणा. शिक्षकाने सुरुवातीला उत्तेजन द्यायचं असतं, म्हणून मी लगेच म्हणालो, “वा, बाबा! मांजर काय सुंदर जमलीय.”

ते फडक्याला हात पुसू लागले.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने चित्र पाहिलं, ट्रे प्रेसवरच ठेवला आणि म्हणाली, “आई!”

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. डोक्याला रुमाल बांधून खुर्चीत बसायच्या, पाय वर घेऊन. आता पाहिलं तर दिसल्या. देवाशपथ, आधी मांजर दिसत होती.

बायको चित्र हातात धरून रडत होती. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. माफी मागायला तोंड उघडलं तर सासरेबुवांनी हात वर करून मला थांबवलं. कागद तिच्या हातातून घेतला, उजेडात धरला, डोळे बारीक करून बघितला.

“जावई म्हणतोय ते खरं आहे,” ते म्हणाले. “रुमालाची टोकं कानांसारखी झालीत. उद्या दुसरी प्लेट घेऊ.”